‘ऑक्सिजन ड्रॉप्स’ पोटात गेल्यावर नेमकं काय होतं

बडोद्याजवळच्या नंदेसरी औद्योगिक वसाहतीत रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या टँकर-ट्रकच्या पाठीवर पिवळ्या रंगाचा तिरपा चौकोन दिसतो. त्यात एक वर्तुळ, वर्तुळावर ज्वाळा आणि खाली ५.१ हा आकडा. शेजारी २०१४ लिहिलेलं असेल तर आत २० ते ६० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आहे. १४९६ असेल तर सोडियम क्लोराइट. बडोद्यातल्या बऱ्याच मराठी घरांत केमिकलच्या कारखान्यात काम करणारं कुणी ना कुणी असतं, त्यांना हा चौकोन समजावून सांगावा लागत नाही. ऑक्सिडायझर म्हणजे असा पदार्थ, जो दुसऱ्याचे इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि ज्वलनाला खतपाणी घालतो. प्लांटमध्ये त्याच्याजवळ तेलकट चिंधी ठेवत नाहीत, लाकडाचा भुसा सांडू देत नाहीत, आणि तोंडावर शील्ड व हातात मोजे घातल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावत नाहीत.

हीच दोन रसायनं पातळ करून, छोट्या बाटलीत, ‘ऑक्सिजन ड्रॉप्स’, ‘एमएमएस’ (मिरॅकल मिनरल सोल्यूशन), ‘सीडीएस’ (क्लोरीन डायऑक्साइड सोल्यूशन), ‘फूड ग्रेड पेरॉक्साइड’ अशा नावांनी घरात येतात. मधुमेह, कर्करोग, सांधेदुखी, मुलांमधला ऑटिझम, सगळ्यावर हे चालतं असं फोनवर आलेल्या व्हिडिओत सांगितलेलं असतं. कारखान्यात ज्याला हात लावताना आपण दहा वेळा विचार करतो, तेच पोटात घेताना त्याचं रसायनशास्त्र बदलत नाही. ते काय करतं, किती प्रमाणात करतं आणि चुकून घेतलं गेलं तर काय करायचं, ते इथे सविस्तर मांडतो.

बाटल्यांमध्ये काय असतं

एमएमएसच्या संचात दोन बाटल्या असतात. पहिलीत सोडियम क्लोराइट. हा कापड आणि कागदाचा लगदा पांढरा करण्यासाठी वापरला जाणारा पदार्थ. बाटलीवर कधी ‘२८ टक्के’ लिहिलेलं असतं, पण बाजारात मिळणारे क्लोराइटचे कण साधारण ८० टक्के शुद्ध असतात, म्हणून प्रत्यक्षात द्रावण २२.४ टक्क्यांच्या आसपास भरतं. दुसऱ्या बाटलीत आम्ल असतं. कधी सौम्य हायड्रोक्लोरिक, कधी सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपण ढोकळ्यात घालतो ते लिंबूसत्त्व. दोन्ही एकत्र आले की पिवळसर, क्लोरीनसारखा उग्र वास असलेला क्लोरीन डायऑक्साइड वायू सुटतो. याला विक्रेते ‘ॲक्टिव्हेट करणं’ म्हणतात. सीडीएस म्हणजे तोच वायू आधीच पाण्यात विरघळवलेला. आणि ‘स्टॅबिलाइज्ड ऑक्सिजन’ या गोंडस नावाच्या बाटलीत पुष्कळदा नुसतं सोडियम क्लोराइटच असतं.

आम्ल न मिसळता घेतलं तर सुरक्षित, असं काहीजण समजतात. जठरात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतंच. बाहेर न केलेली क्रिया आत होते. आणि आम्ल मिसळून घेतलं तरी सगळं क्लोराइट बदलत नाही, बराच भाग तसाच राहतो. जो वायू तयार होतो तोही शरीरातल्या पदार्थांशी भिडला की मोठ्या प्रमाणात पुन्हा क्लोराइटच होतो. त्यामुळे कुठल्याही वाटेने गेलं तरी हिशेब क्लोराइटचाच करावा लागतो.

थेंबाचा हिशेब

‘अहो, पाण्याच्या टाकीतही तेच घालतात’ हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा युक्तिवाद. अर्धा खरा आहे, म्हणून जास्त फसवा. पाणी शुद्ध करायला क्लोरीन डायऑक्साइड काही ठिकाणी वापरतात, आणि मुद्दा फक्त किती वापरतात हा आहे.

बडोद्याला येणारं पाणी आजवा तलावाचं असो की मही नदीतल्या फ्रेंच वेल या विहिरींचं, नळाच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून उरलेला क्लोरीन भारतीय मानकाप्रमाणे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा लागतो. क्लोराइटसाठी जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा आहे लिटरला ०.७ मिलिग्रॅम. आता बाटलीकडे या. ड्रॉपरचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटर. २२.४ टक्क्यांच्या द्रावणात एका थेंबात ११.२ मिलिग्रॅम सोडियम क्लोराइट, त्यातलं सोडियम वजा केलं की ८.४ मिलिग्रॅम क्लोराइट. हा एक थेंब मर्यादेत बसवायचा तर त्यात १२ लिटर पाणी घालावं लागेल. पेल्यात मावणारं हे पाणी नव्हे, बादली भरते.

एमएमएस घेणाऱ्यांतली एक प्रचलित पद्धत दर तासाला तीन थेंब, दिवसाला आठ तास अशी आहे. २४ थेंब म्हणजे सुमारे २०० मिलिग्रॅम क्लोराइट. तेवढं क्लोराइट मर्यादेतल्या पाण्यातून मिळवायचं तर माणसाला दिवसाला जवळजवळ २९० लिटर पाणी प्यावं लागेल, म्हणजे गच्चीवरचं २०० लिटरचं पिंप रिकामं करून दुसऱ्याला हात घालावा लागेल. शरीराच्या वजनावर हिशेब केला तर रोज किलोमागे ०.०३ मिलिग्रॅम ही सहन होणारी मर्यादा धरतात. ६० किलोच्या माणसाला १.८ मिलिग्रॅम. २० किलोच्या मुलाला ०.६. त्या मुलाला दिलेला एकच थेंब चौदा दिवसांचा वाटा एका वेळी देतो.

शिवाय ड्रॉपर हे माप नव्हे. नळीचं तोंड रुंद असेल, बाटली तिरपी धरली असेल, किंवा पाणी उडून द्रावण दाट झालं असेल, तर तीन थेंबांचे पाच होतात आणि कुणाला कळतही नाही.

रक्तात काय बिघडतं

हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू असतात. हे लोह एका ठरावीक अवस्थेत असतं, तेव्हाच ते फुफ्फुसात ऑक्सिजन उचलतं आणि पेशींजवळ सोडतं. ऑक्सिडायझरने त्याचा एक इलेक्ट्रॉन काढला की ते ऑक्सिजन धरूच शकत नाही. अशा निकामी हिमोग्लोबिनला मेथहिमोग्लोबिन म्हणतात. त्रास एवढ्यावर थांबत नाही. चारातलं एक-दोन लोह बिघडलं की उरलेले अणू ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतात, पेशींना सोडत नाहीत. त्यामुळे टक्केवारीवरून वाटतो त्यापेक्षा फटका मोठा बसतो.

थोडं लोह रोज आपोआप बिघडतंच, दिवसाला अर्धा ते तीन टक्के. तांबड्या पेशींमधलं एक एन्झाइम ते दुरुस्त करत राहतं, म्हणून निरोगी माणसात मेथहिमोग्लोबिन एक टक्क्याच्या आसपासच राहतं. बाहेरून ऑक्सिडायझर ओतला की दुरुस्ती मागे पडते. १०-१५ टक्क्यांच्या पुढे ओठ, नखं राखाडी-निळसर दिसू लागतात. २० ते ३० टक्क्यांत डोकं दुखतं, गळून जायला होतं. ३० ते ५० मध्ये धाप, चक्कर, छातीत धडधड. ५० च्या वर झटके, बेशुद्धी. ७० च्या वर गेलेलं माणूस बहुधा वाचत नाही. रक्त काढलं तर ते चॉकलेटी रंगाचं येतं. पांढऱ्या टिपकागदावर थेंब टाकून ठेवला तरी हवेने लाल होत नाही.

इथे घरातल्या ऑक्सिमीटरबद्दल सांगायला हवं. कोविडमध्ये घेतलेलं ते यंत्र बऱ्याच कपाटांत अजून आहे. ते बोटातून दोन रंगांचा प्रकाश सोडून त्यांचं गुणोत्तर मोजतं. मेथहिमोग्लोबिन हे दोन्ही प्रकाश जवळजवळ सारखेच शोषतं आणि गुणोत्तर एकच्या जवळ आलं की यंत्र ८५ दाखवतं. म्हणून अशा रुग्णाचा आकडा ८५ च्या आसपास अडकून बसतो. माणूस त्याहून कितीतरी खालावलेला असला तरी तो तेवढाच राहतो, आणि ऑक्सिजन लावला तरी वर चढत नाही. निळे ओठ, अडकलेला आकडा आणि ऑक्सिजनने न पडणारा फरक, हे तिन्ही एकत्र दिसले तर ऑक्सिडायझरची शंका घ्यायलाच हवी.

क्लोराइट लोहावर थांबत नाही. ते तांबड्या पेशींचं आवरणही फोडतं. फुटलेल्या पेशींतला लाल माल मूत्रपिंडात जाऊन अडकतो, लघवी कोकाकोलासारखी गडद होते, मग कमी होते, आणि दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडण्यापर्यंत मजल जाते. ‘पहिल्या दिवशी तर काही झालं नाही’ हे म्हणूनच दिलासा देणारं वाक्य नाही.

कुणाला धोका जास्त

जी-सिक्स-पी-डी नावाचं एन्झाइम तांबड्या पेशींना अशा हल्ल्यापासून सांभाळतं. ते जन्मतः कमी असणारी माणसं आपल्याच गल्लीत असतात. गुजरातेत वटलिया प्रजापती समाजात, पारशी आणि सिंधी घरांमध्ये, आणि पूर्व पट्ट्यातल्या काही आदिवासी समाजांत हे प्रमाण जास्त आढळलेलं आहे. मराठी घरात नसेलच असं नाही. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे मुलग्यांत जास्त दिसतं, आणि एरवी त्या माणसाला स्वतःलाही पत्ता नसतो. लहानपणी मलेरियाच्या गोळ्यांनी किंवा एखाद्या औषधाने अचानक कावीळ, गडद लघवी झाली असेल तर डॉक्टरांना विचारून ही साधी रक्ततपासणी करून घ्यावी. अशा माणसाला क्लोराइट, पेरॉक्साइड किंवा शिरेतून दिलेला ओझोन यांतल्या कशाचाही थोडा डोससुद्धा पेशी फोडायला पुरतो.

चार-सहा महिन्यांच्या आतल्या बाळात दुरुस्तीचं एन्झाइम पुरतं तयार झालेलं नसतं. सिकल सेल असलेले, ॲनिमिया असलेले, मूत्रपिंड आधीच कमकुवत असलेले मधुमेही, हे सगळे त्याच रांगेत.

विक्रेत्यांचं ‘विज्ञान’

हा युक्तिवाद शिकलेल्या माणसालाही गुंगवतो, म्हणून त्यावर थोडं थांबतो. म्हणतात की क्लोरीन डायऑक्साइडचं ऑक्सिडेशन पोटेन्शियल, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढण्याचा जोर, ०.९५ व्होल्ट आहे, ऑक्सिजनचं १.२३, म्हणून ते ऑक्सिजनपेक्षा सौम्य आहे आणि फक्त जंतूंनाच मारतं, शरीराच्या पेशींना ओळखून सोडून देतं. आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष चूक. पोटेन्शियल क्रिया होऊ शकते की नाही तेवढं सांगतं. ती किती वेगाने होईल ते सांगत नाही. ऑक्सिजन पोटेन्शियलने वरचा असला तरी खोलीच्या तापमानाला आळशी आहे, म्हणून आपण हवेत पेटत नाही. क्लोरीन डायऑक्साइड आळशी नाही. आणि हिमोग्लोबिनच्या लोहाचा इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ०.१५ व्होल्ट पुरतात. ०.९५ हे त्याच्या सहापट झाले. चांगला जंतू, वाईट जंतू, आतड्याचं अस्तर, तांबडी पेशी असा भेद करणारी यंत्रणा या रेणूत कुठेच नाही.

दुसरा दावा असा की उलट्या-जुलाब झाले म्हणजे विष बाहेर पडतंय, औषध लागू पडलं, आता थेंब वाढवा. आतड्याचं अस्तर भाजलं की शरीर तेच करतं. ऑटिझम असलेल्या मुलांना या द्रावणाचा एनिमा देऊन शौचातून बाहेर आलेले दोरीसारखे तुकडे ‘जंत’ म्हणून दाखवले जातात. ते आतड्याच्या अस्तराचे आणि चिकट स्रावाचे तुकडे असतात. आपल्या मुलाने दोन शब्द बोलावेत यासाठी काहीही करायला तयार असलेल्या आईबापांना हे विकलं जातं, याची चीड येते. त्या मुलाला दुखतंय हे सांगताही येत नाही.

आणखी एक सूचना या बाटल्यांसोबत येते: ‘क’ जीवनसत्त्व, संत्र्याचा रस, आवळा घेऊ नका, नाहीतर परिणाम जातो. परिणाम जातो कारण ‘क’ जीवनसत्त्व इलेक्ट्रॉन देऊन ऑक्सिडायझर संपवतं. याचा अर्थ आवळा टाळणारा माणूस आपलं उरलंसुरलं संरक्षणही काढून ठेवतो आणि त्यावर ऑक्सिडायझर पितो.

एमएमएसचा प्रसार करणारा जिम हंबल हा सोन्याच्या शोधात फिरणारा अमेरिकन. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये हे पिऊ नका असा जाहीर इशारा दिला. फ्लोरिडात ‘चर्च’च्या नावाखाली ते विकणाऱ्या मार्क ग्रेनन आणि त्याच्या तीन मुलांना २०२३ मध्ये न्यायालयाने दोषी ठरवून तुरुंगात पाठवलं, दोन मुलांना बारा वर्षांहून जास्त.

पेरॉक्साइडचा धोका वेगळा

मेडिकलमध्ये मिळणारं जखमा धुण्याचं पेरॉक्साइड ३ किंवा ६ टक्के असतं. ‘फूड ग्रेड’ म्हणून मिळणारं ३५ टक्के. ‘फूड ग्रेड’ हा शब्द फार घात करतो. अन्नाच्या वेष्टनाशी संपर्क आला तरी चालेल इतकी त्यात धातूंची अशुद्धी कमी आहे, एवढाच त्याचा अर्थ. महिनोन् महिने टिकणारं दूध-छास ज्या कागदी खोक्यांत येतं, ती खोकी भरण्याआधी अशा पेरॉक्साइडने निर्जंतुक करतात आणि मग गरम हवेने ते उडवून लावतात. पिण्यासाठी ते कधीच बनवलेलं नाही.

पोटात आणि रक्तात कॅटलेज नावाचं एन्झाइम पेरॉक्साइड दिसताक्षणी फोडतं, त्यातून पाणी आणि ऑक्सिजन वायू निघतो. ३५ टक्क्यांचा एक मिलिलिटर सुमारे १३० मिलिलिटर वायू सोडतो. एक घोट, समजा ३० मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ चार लिटर वायू. जठराची पिशवी दीड लिटरच्या आसपास ताणते. ती फाटू शकते, आणि बुडबुडे यकृताकडे जाणाऱ्या शिरेत शिरतात. तिथून मेंदूत पोहोचले तर काही मिनिटांत अर्धांगवायूसारखी लक्षणं दिसतात. अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांच्या दहा वर्षांच्या नोंदींत दाट पेरॉक्साइड प्यायलेले २९४ जण होते. त्यातल्या ४१ जणांना वायूच्या बुडबुड्यांचा त्रास झाला, २० जण दगावले किंवा कायमचे अपंग झाले. यात बरेच अपघात असे होतात: पाण्यासारखं स्वच्छ दिसणारं हे द्रव पाण्याच्या बाटलीत ओतून फ्रीजमध्ये ठेवलेलं, आणि रात्री तहान लागलेल्या कुणीतरी सरळ तोंडाला लावलेलं.

पेरॉक्साइड नेब्युलायझरमधून ओढण्याचा सल्लाही फिरतो. फुफ्फुसाच्या पातळ पडद्याला तो सोसत नाही. ओझोनचंही तसंच, हुंगला तर फुफ्फुसाला विषारी आणि शिरेत सोडला तर बुडबुड्याचा धोका.

आजीच्या फडताळातलं पोटॅशियम परमँगनेट, आपलं ‘लाल औषध’, हेही ऑक्सिडायझरच. पाय बुडवायला फिकट गुलाबी पाणी ठीक. खडा जिभेवर ठेवला तर तिथे तपकिरी भाजलेला डाग पडतो, गिळला तर अन्ननलिकेत.

चुकून किंवा मुद्दाम घेतलं गेलं तर

आधी १०८ ला फोन. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा क्रमांक १८०० ११६ ११७, तिथे डॉक्टरही सल्ला विचारू शकतात. उलटी करवू नका, वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते आणि वायू-द्रव फुफ्फुसात जाऊ शकतं. आपल्याकडे पोटात जळजळ म्हटलं की पहिल्यांदा छास (ताक) किंवा लिंबूपाणी पुढे करतात. क्लोराइटच्या बाबतीत ते अजिबात देऊ नका. दोन्ही आंबट, दोन्ही क्लोराइटपासून आणखी वायू तयार करतात. माणूस शुद्धीत असेल तर तोंड चुळा भरून धुवा, दोन-चार घोट साधं पाणी, बस. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही नको, कुशीवर वळवा. अंगावर सांडलं असेल तर पंधरा-वीस मिनिटं पाणी, आणि काढलेले कपडे बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा. क्लोराइटने भिजलेलं कापड वाळलं की घासण्याने पेट घेतं.

बाटली सोबत न्या, दोन्ही. बडोद्याचं सरकारी सयाजी हॉस्पिटल असो की जवळचं खासगी, तिथे सांगा: नाव काय, किती टक्के, किती घेतलं, केव्हा, कशात मिसळून. ‘ऑक्सिडायझर आहे, मेथहिमोग्लोबिन मोजा’ हे शब्द स्पष्ट उच्चारा. ते को-ऑक्सिमीटर नावाच्या यंत्रावर मोजलं जातं, साध्या रक्तवायू तपासणीत ऑक्सिजनचा दाब ठीकच दिसतो आणि गफलत होते. यावरचं औषध मिथिलीन ब्लू, किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम, शिरेतून सावकाश. जी-सिक्स-पी-डी कमी असेल तर ते उलट पेशी फोडतं, आणि नैराश्याच्या काही गोळ्यांसोबत धोकादायक ठरतं, म्हणून रुग्ण कोणती औषधं घेतो ते लपवू नका. क्लोराइटच्या विषबाधेत ते पुरेसं लागू पडेलच असंही नाही. मग रक्त बदलणं, डायलिसिस या वाटा उरतात. पेरॉक्साइडनंतर बोलण्यात-चालण्यात फरक दिसला तर उच्चदाबाच्या ऑक्सिजन चेंबरची सोय कुठे आहे ते लगेच विचारा. घरी सोडल्यावर तीन दिवस लघवीचा रंग आणि प्रमाण बघत राहा.

रागावू नका, एवढी विनंती. ओरडा बसेल या भीतीने लोक काय घेतलं ते सांगत नाहीत, आणि डॉक्टर हृदयविकार शोधत बसतात.

बाटली अजून कपाटात असेल तर लेबल वाचा. औषध असेल तर उत्पादन परवाना क्रमांक असतो, खाद्य असेल तर चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक. हे क्रमांक असोत वा नसोत, कर्करोग किंवा मधुमेह बरा करण्याची जाहिरात असेल, तर ती १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याखाली गुन्हा आहे. गुजरातच्या अन्न व औषध नियंत्रण खात्याकडे जाहिरातीच्या फोटोसह तक्रार देता येते. आणि क्लोराइटची बाटली संडासात ओतू नका. तिथे फरशी-संडास घासायचं ॲसिड सांडलेलं असतं, बंद खोलीत पिवळा वायू तयार होतो. झाकण घट्ट लावून, उभी, प्लास्टिकच्या बादलीत, लाकडी फळी, साखर, तेल आणि ॲसिड यांपासून लांब ठेवा, आणि महापालिकेच्या गाडीला घरगुती घातक कचरा म्हणून, आत काय आहे ते कागदावर लिहून, वेगळी द्या.